चेंडू तोच, खेळपट्टी निराळी

क्रिकेटच्या चेंडूचे माप नियमाने ठरलेले आहे. पुरुषांच्या सामन्यातील चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा आणि २२.४ ते २२.९ सेंटिमीटर घेराचा असावा लागतो. खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर आणि रुंदी ३.०५ मीटर, हेही जगभर एकच आहे. नियमाने ठरवलेली नाही ती खेळपट्टीची माती. म्हणूनच एकाच गोलंदाजाने, एकाच वेगाने, एकाच टप्प्यावर टाकलेला चेंडू एका मैदानावर फलंदाजाच्या छातीपर्यंत उसळतो, तर दुसऱ्या मैदानावर घोट्याजवळून सरपटत जातो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांमध्ये हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ग्रामीण भागातील बहुतेक मुले क्रिकेट शिकतात ती शाळेच्या पटांगणावर, मुरमाच्या माळावर किंवा पीक निघालेल्या शेतात, आणि तेही टेनिस चेंडूने. त्यांपैकी एखाद्याचा हात चांगला निघाला की तो निवड चाचणीसाठी पुण्याला येतो. तेथे हातात चामड्याचा चेंडू येतो आणि पायाखाली टर्फ विकेट. गावात यष्टीवरून उसळणारा त्याचा चेंडू येथे थांबून येतो. गावात हमखास वळणारा चेंडू सरळ जातो. चाचणीतील मोजक्या षटकांत निकाल लागतो. त्या वेळी मुलाची गुणवत्ता कमी पडली की अनोळखी जमीन आडवी आली, हे ओळखण्यासाठी खेळपट्टीचे शास्त्र ठाऊक असावे लागते.

टप्पा पडतो तेव्हा काय घडते?

चेंडू जमिनीला टेकतो तो क्षण अत्यंत अल्प असतो. मात्र त्या क्षणात दोन गोष्टी ठरतात. पहिली उसळी. जमीन टणक असेल तर चेंडूची आदळण्याची ताकद बरीचशी चेंडूला परत मिळते आणि तो वर येतो. जमीन भुसभुशीत असेल तर ती ताकद माती दाबण्यात खर्च होते आणि चेंडू खाली राहतो. खेळपट्टीचा टणकपणा तपासण्यासाठी ठरावीक उंचीवरून चेंडू सोडून तो किती वर येतो हे मोजण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दुसरी गोष्ट घर्षणाची. गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर चेंडू घसरून पुढे जातो आणि त्याचा वेग फारसा घटत नाही. खडबडीत किंवा मऊ पृष्ठभाग चेंडूला पकडतो. त्यामुळे वेग कमी होतो. पण चेंडूला दिलेली फिरकी जमिनीत रुजून तो बाजूला वळतो. चेंडू शिवणीवर पडला तर पकड अधिक मिळते, चामड्याच्या गुळगुळीत भागावर पडला तर तो घसरतो. एकाच फिरकी गोलंदाजाचा एक चेंडू हातभर वळतो आणि तशाच हालचालीने टाकलेला पुढचा सरळ आत शिरतो, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

भारतातील कसोटी सामन्यांत मेरठला तयार होणारा एसजी चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताने घातलेली आणि ठसठशीत असते. इंग्लंडचा ड्यूक्सही हातानेच शिवलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुराच्या बाहेरील टाक्यांच्या ओळी यंत्राने घातलेल्या असल्याने त्याची शिवण लवकर दबते. म्हणजे चेंडूचेही स्वभाव वेगळे आहेत. परंतु तो स्वभाव प्रकट होतो तो मातीवर पडल्यानंतरच.

काळी आणि लाल

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूर शहर घोड नदीच्या काठी वसलेले आहे. नद्यांच्या काठची खोल काळी जमीन आणि उंचवट्यावरचा उथळ मुरूम, अशी या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील जमिनीची सर्वसाधारण ओळख सांगता येते. दोन्हींचे मूळ दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि तीही मॉन्टमोरिलोनाइट गटातील, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि वाळताना आकसणारी. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच.

हाच गुण काळ्या मातीच्या खेळपट्टीत उतरतो. ही माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते आणि एकमेकांना घट्ट चिकटते. खेळपट्टी सहसा संथ असते, उसळी कमी मिळते आणि चेंडू बॅटवर थांबून येतो. ती कोरडी ठेवली तर भेगा रुंदावतात, कडा सुटतात आणि मग एक चेंडू वळतो, दुसरा सरळ जातो, तिसरा खाली बसतो. अशा ठिकाणी यष्ट्यांच्या रोखाने टाकणारा गोलंदाज यशस्वी ठरतो, कारण पायचीत आणि त्रिफळा हे बाद होण्याचे मुख्य मार्ग असतात.

लाल मातीतील चिकणमाती तुलनेने कमी फुगते. तिला लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. ही माती लवकर वाळते आणि टणक होते. म्हणून वेगवान गोलंदाजाला उसळी मिळते आणि फटके खेळणाऱ्या फलंदाजालाही चेंडू बॅटवर छान येतो. मात्र वरचा थर सुटू लागला की फिरकीपटूला वळण आणि उसळी अशा दोन्ही गोष्टी मिळतात. मुंबईचे वानखेडे स्टेडियम लाल मातीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे बॅटची कड घेतलेले चेंडू स्लिपमध्ये आणि यष्टिरक्षकाकडे झेल बनून जातात.

एक मालिका, तीन जमिनी

हा फरक समजून घेण्यासाठी २०२४ची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी मालिका पुरेशी आहे. बंगळूरच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस, १६ ऑक्टोबर, पावसाने वाया गेला. दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर भारताचा डाव ४६ धावांत आटोपला. मॅट हेन्रीने १५ धावांत पाच आणि विल्यम ओरूर्कने २२ धावांत चार बळी घेतले. फिरकीला काही करण्याची संधीच उरली नाही.

आठवड्याभराने, २४ ऑक्टोबरला, दोन्ही संघ पुण्याजवळच्या गहुंजे येथे काळ्या मातीच्या खेळपट्टीवर उतरले. आता चित्र उलटे झाले. न्यूझीलंडच्या पहिल्या डावातील दहाही बळी फिरकीने टिपले. वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत सात आणि अश्विनने तीन. परंतु त्याच मातीने मिचेल सँटनरला अधिक साथ दिली. या डावखुऱ्या फिरकीपटूने ५३ धावांत सात आणि १०४ धावांत सहा असे सामन्यात तेरा बळी घेतले. न्यूझीलंड ११३ धावांनी जिंकला आणि मायदेशात सलग अठरा मालिका जिंकण्याची भारताची घोडदौड थांबली. १ नोव्हेंबरपासून मुंबईत लाल मातीवर तिसरी कसोटी झाली. तेथे मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने अकरा बळी घेतले आणि पाहुण्यांनी मालिका ३-० अशी जिंकली. वीस दिवसांच्या आत एकाच फलंदाजीला तीन वेगळ्या जमिनींवर तीन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागल्या.

मातीचा रंग कळला म्हणजे सारे कळले, असेही नाही. ते गहुंजेच्याच इतिहासातून दिसते. फेब्रुवारी २०१७मध्ये येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली. अतिशय कोरड्या खेळपट्टीवर भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा बळी घेतले. सामना तीन दिवसांत संपला आणि सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताने ५ बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला, विराट कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या आणि भारताने एक डाव १३७ धावांनी विजय मिळवला. त्या सामन्यात वेगवान उमेश यादवनेही दोन्ही डावांत तीन-तीन बळी मिळवले. मैदान तेच, पाणी, गवत आणि रोलर यांचे गणित वेगळे.

वाफसा आणि खळे

हे गणित शेतकऱ्याला परके वाटण्याचे कारण नाही. पेरणीपूर्वी जमिनीला वाफसा यावा लागतो, म्हणजे ती ना चिखल असावी, ना ढेकूळ. खेळपट्टीवर रोलर फिरवतानाही नेमकी हीच पारख लागते. फार ओल असताना रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटते. फार वाळल्यावर फिरवला तर ती दबतच नाही. योग्य ओलीवर पुनःपुन्हा दाब दिला तर थर एकजीव होतो. मळणीसाठी पूर्वी खळे तयार करताना पाणी शिंपडून, माती चोपून, ती वाळवून टणक केली जात असे. खेळपट्टी हा त्याच हुन्नराचा अधिक काटेकोर प्रकार होय.

फरक आहे तो गवताचा. गवताची मुळे मातीला बांधून ठेवतात आणि खोलवरची ओल शोषून खेळपट्टी आतपर्यंत वाळवतात. वर थोडे हिरवे गवत राखले तर शिवणीवर पडलेला नवा चेंडू दिशा बदलतो. गवत पूर्ण कापले तर पृष्ठभाग लवकर झिजतो आणि फिरकीची वेळ लवकर येते.

जमिनीची ही पारख गोलंदाजाच्या हातात कशी उतरते, याचे पुण्यातील जुने उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे अशी कामे करीत आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकत. दलित असल्याने त्यांना मैदानाबाहेर अपमान सोसावे लागले. चेंडू हाती आल्यावर मात्र त्यांच्या डावखुऱ्या फिरकीला तोड नव्हती. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात, सर्वस्वी परक्या खेळपट्ट्यांवर, त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

मुरूम, मॅट आणि टर्फ

ग्रामीण खेळाडूची अडचण आता नेमकेपणाने मांडता येते. टेनिस चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, म्हणजे चामड्याच्या चेंडूच्या साधारण एक तृतीयांश. तो पोकळ असतो आणि त्याला उठावदार शिवण नसते. कठीण मुरमावर तो सहज उसळतो. त्यामुळे टप्पा थोडा आखूड पडला तरी चालून जाते. मुरमातील खड्यावर पडून चेंडू वळला तर ते श्रेय जमिनीचे असते, बोटांचे नव्हे.

सिमेंट किंवा कठीण जमिनीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटचे वागणे आणखी वेगळे. खालचा थर टणक असल्याने उसळी भरपूर आणि एकसारखी मिळते. काथ्याच्या विणीत शिवण अडकत असल्याने चेंडू वळतो. मॅट ताणून बसवली आहे की सैल आहे, यावरही वळण बदलते. मॅटचा लाभ मोठ्या गोलंदाजांनीही उठवला आहे. १९५६मध्ये कराचीच्या मॅटवर फझल महमूद यांनी ऑस्ट्रेलियाचे तेरा बळी घेतले होते. टर्फवर आल्यावर मात्र मॅटवरचा टप्पा बदलावाच लागतो. कमी उसळीच्या काळ्या मातीवर तोच चेंडू आखूड ठरतो आणि फलंदाज मागे सरून निवांत फटका मारतो. येथे चेंडू अधिक पुढे आणि यष्ट्यांच्या रोखाने टाकणे श्रेयस्कर. फिरकीपटूला चेंडूला अधिक फिरक आणि उंची द्यावी लागते, कारण जमीन आपणहून वळण देईलच असे नाही.

जुन्या चेंडूचेही असेच आहे. कोरड्या, खरखरीत मैदानावर चेंडूची एक बाजू लवकर झिजते आणि दुसरी घासून चकचकीत ठेवली तर रिव्हर्स स्विंग साधता येतो. शिरूरलगतच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानने या कलेत प्रावीण्य मिळवले आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. याउलट रात्रीच्या सामन्यात दव पडले की चेंडू ओला होतो, बोटांतून निसटतो आणि टप्प्यावर घसरतो. फिरकीची धार बोथट होते.

अनोळखी मैदानावर उतरणाऱ्या गोलंदाजाने म्हणूनच पहिला चेंडू टाकण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. मातीचा रंग कोणता, गवत किती, भेगा कोठे, पृष्ठभाग चमकतो की त्यावर धूळ आहे. पहिल्या षटकात यष्टिरक्षकाने चेंडू कोणत्या उंचीवर झेलला, हीही मोलाची खूण असते. त्यानुसार टप्पा हातभर पुढे-मागे करता आला तर चाचणीची मोजकी षटके वाया जात नाहीत.

यात प्रशिक्षकांची आणि निवड करणाऱ्यांची जबाबदारीही तेवढीच आहे. मुरमावर घडलेल्या मुलाला टर्फवर काही दिवस सराव करू दिला, तर त्याचा टप्पा चुकतो की केवळ जमीन नवी आहे, हे स्पष्ट होते. तालुक्याच्या ठिकाणी एखादी चांगली टर्फ विकेट जपली, तर पुण्याला येण्याआधीच ही ओळख होऊ शकते. त्यासाठी लागणारी काळी माती भीमेच्या काठी मुबलक आहे आणि वाफसा ओळखणारी माणसेही येथे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत.