दांतांवरचें चिनी मातीचें कवच

एके काळीं महाराष्ट्रांतील सुवासिनी दांतवण लावून दांत काळे करीत. जपानांतील कुलीन स्त्रिया लोहाच्या द्रावाचा व मायफळाच्या पुडीचा लेप देऊन तेंच साधीत. काळा रंग दांतांवर सहज चढे. शुभ्रता मात्र चढेना, आणि आधुनिक दंतसौंदर्याचा इतिहास हा पुष्कळसा या एका अडचणीचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनीं चिनी मातीचें पातळ टोपण दांतावर बसविण्याची युक्ति काढली. (१९२७ सालीं न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्यानें विमान नेणारा लिंडबर्ग हा त्यांचाच नातू.) टोपण सुंदर दिसे, परंतु तें बसावें म्हणून खालचा दांत चोहों बाजूंनीं घासून खुंटासारखा करावा लागे. ज्याचा दांत निरोगी, पण नुसता वांकडा वा डागाळलेला, त्याला हा सौदा महागच पडे.

पुढें चित्रपट आले. पडद्यावर चेहरा पुरुषभर उंच दिसूं लागला, तेव्हां दोन दांतांमधील बारीक फटहि खिंडीएवढी भासूं लागली. लॉस एंजेलिसचे दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनीं १९३० च्या सुमारास नटनटींच्या दांतांना धक्का न लावतां त्यांवर चिनी मातीचे पातळ पापुद्रे बसविण्यास आरंभ केला. चिकटविण्याचें साधन काय, तर कवळी हिरडीला धरून ठेवणारी पूड! चित्रण आटोपलें कीं पापुद्रे काढून ठेवावे लागत; ते लावून घास चावण्याची सोय नव्हती. बालनटी शर्ली टेंपल हिचे दुधाचे दांत पडूं लागले, तेव्हां तिच्या हास्यांतील खिंडार अशाच नकली दांतांनीं झांकलें जाई.

यावर उपाय निघाला, पण तो सौंदर्याच्या शोधांतून नव्हे. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांना कीड लागण्याच्या जागा बुजवावयाच्या होत्या. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरतात, हें त्यांनीं हेरलें. तेंच आम्ल त्यांनीं अर्धा मिनिट दांताच्या एनॅमलवर ठेवलें आणि १९५५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आम्लानें गुळगुळीत पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें पडत, आणि त्यांत पातळ कृत्रिम राळ शिरून घट्ट रुतून बसे. १९६२ सालीं रॅफेल बोवेन यांच्या अधिक टिकाऊ राळेची भर पडली. १९८३ च्या सुमारास चिनी मातीच्या कवचाची आंतील बाजूहि आम्लानें खरबरीत करून तें दांताला पक्कें जोडण्याची रीत सिद्ध झाली.

तथापि कवच बेमालूम दिसावें म्हणून आजहि पुष्कळदां सुमारें अर्धा मिलिमीटर एनॅमल खरवडलें जातें, आणि एनॅमल पुन्हां उगवत नाहीं. पिंकस यांच्या नटाला सायंकाळीं स्वतःचे दांत परत मिळत.