हात निवडणे म्हणजे दुसरा हात आवरणे

मेंदू आधी निर्णय घेतो आणि हालचाली घडवणारा त्याचा भाग, मोटर कॉर्टेक्स, तो हातापर्यंत पोचवतो, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. या चित्रात निवड साहेबाच्या दालनात होते आणि मोटर कॉर्टेक्स हा सही झालेला कागद घेऊन जाणारा शिपाई ठरतो. गेल्या चाळीस वर्षांतला पुरावा पाहता हे मत टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १८६८ साली यूट्रेख्टच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी एक साधा प्रयोग मांडला. पायाला विजेचा सौम्य झटका द्यायचा. डाव्या पायाला बसला तर डावा हात हलवायचा, उजव्याला बसला तर उजवा. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी ठाऊक नसले, की प्रतिसादाला सुमारे १/१५ सेकंद जास्त लागे. हा जादा वेळ निवडीचा, असा त्यांचा निष्कर्ष. ओळखणे, निवडणे, हलवणे असे एकामागून एक येणारे टप्पे त्यातून मानले गेले. दोनच वर्षांनी फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठरावीक जागी वीज देऊन विरुद्ध बाजूचे अवयव हलवून दाखवले. इथे वीज दिली की तिथे पाय हलतो, तेव्हा हा भाग केवळ अंमलबजावणीचा, असे वाटणे स्वाभाविकच होते.

पण टप्पे खरोखरच असे एकामागून एक असतील, तर निवड पुरी होईपर्यंत मोटर कॉर्टेक्स शांत राहिला पाहिजे. तो तसा राहत नाही. एरिक्सन दांपत्याने १९७४ मध्ये मांडलेल्या चाचणीत पडद्यावर अक्षरांची ओळ येते आणि मधले अक्षर पाहून डाव्या किंवा उजव्या हाताने उत्तर द्यायचे असते. आजूबाजूची अक्षरे मात्र कधी कधी दुसऱ्या हाताकडे खेचणारी असतात. १९८८ मध्ये ग्रॅटन, कोल्स आणि सहकाऱ्यांनी अशा वेळी डोक्यावरून मेंदूचे विद्युत्‌संकेत टिपले. उत्तर शेवटी बरोबर आले, तरी आलेख आधी चुकीच्या हाताच्या बाजूला कलला आणि मग वळला. हातांच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावले, तर हीच गोष्ट आणखी जवळून दिसते. चुकीच्या हाताच्या स्नायूत क्षणभर हालचाल उमटते, पण बटण दाबले जाण्याइतका जोर तिला येत नाही. तेवढ्यात योग्य हात बटण दाबतो. नोंदवहीत ‘बरोबर’ एवढेच लिहिले जाते. झुंज मात्र स्नायूपर्यंत पोचलेली असते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की ही नुसती गळती आहे. अर्धवट माहिती खाली झिरपली म्हणून खालचा विभाग निवड करतो असे होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण गळतीने फक्त उत्तेजन वाढेल आणि ओसरेल. प्रत्यक्षात दुसरा हात सक्रियपणे दाबला जातो. मार्सेच्या बुर्ल, विदाल आणि आस्ब्रूक यांच्या गटाने मेंदूसंकेतांतला धूसरपणा गणिताने कमी करून पाहिले. उत्तर देणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर ऋण लहर आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूवर धन लहर दिसली. एकीकडे उत्तेजन, दुसरीकडे दमन. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला, तर न निवडलेल्या हाताचा प्रतिसाद विश्रांतीच्या पातळीखाली जातो. ज्यूली ड्यूक आणि रिचर्ड आयव्री यांना तर तयारीच्या काळात निवडलेला हातही दाबून धरलेला आढळला, जणू वेळेआधी सुटू नये म्हणून. निवड आधीच पुरी झाली असती, तर हा बंदोबस्त कशासाठी?

दमनाचा आदेश पुढच्या मेंदूतून येत असेल, असेही कोणी म्हणेल. तो तिथून येत असेल, हे मला मान्य आहे. मोटर कॉर्टेक्स एकटाच निर्णय घेतो, असा माझा दावाही नाही. माझा दावा एवढाच की पर्याय तिथे पोचतात तेव्हा ते अजून पर्यायच असतात आणि एकाला वाट देणे व दुसऱ्याला रोखणे हे कामही तिथे चालू राहते. सिसेक आणि कलास्का यांनी २००५ मध्ये माकडांच्या मोटर कॉर्टेक्सलगतच्या, पुढच्या बाजूच्या भागात हेच पाहिले: दोन लक्ष्ये समोर असताना चेतापेशी दोन्ही दिशा एकदम दर्शवत होत्या आणि खूण मिळाल्यावर एक दिशा उरली, दुसरी दबली.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. निरोगी माणूस हात हलवायला निघतो तेव्हा मेंदूच्या दुसऱ्या गोलार्धाकडून त्या हाताच्या मोटर कॉर्टेक्सवर असलेला दाब हालचालीआधी सुटतो. पक्षाघाताच्या काही रुग्णांत तो सुटत नाही, हे मुरासे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. मोटर कॉर्टेक्सला निव्वळ आज्ञाधारक मानले, तर अशा हाताकडे बघताना आपण फक्त ‘जोर कमी पडतो’ एवढेच म्हणू. आवरणे हाही हालचालीचाच भाग मानला, तर हाताला कोण अडवते आहे, हा प्रश्नही उपचार करणाऱ्याला विचारावा लागतो.