ताळेबंदाबाहेरील हिशेब : धनंजयराव गाडगीळ यांच्या संशोधनाचा एक धागा

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर माढे तालुक्यातील मोडनिंब हे गाव लागते. कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या, पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या, लोहमार्गावरील ते एक स्थानकही होय. हा मुलूख मूळचा ज्वारीचा व अवर्षणाचा. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. पुढे कालव्यांनी व उपसा योजनांनी तालुक्याच्या काही भागांत पाणी पोचले, आणि पाण्यामागून ऊस व उसामागून साखर कारखाने आले. कारखान्याच्या ताळेबंदात साखर, मळी, कर्ज व घसारा यांची कलमे असतात. परंतु विहिरींची पातळी, जमिनीचा पोत व ऊसतोड मजुराचे जिणे यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा, हा प्रश्न तेथे विचारता येतो.

उद्योगांचा समाजावर व निसर्गावर होणारा परिणाम मोजण्याचे शास्त्र हे अलीकडील पाश्चात्त्य शास्त्र समजले जाते, आणि १९९७ साली बोस्टन येथे सुरू झालेल्या जागतिक अहवाल-उपक्रमाचा दाखला त्यासाठी दिला जातो. तथापि या विचाराची एक पूर्वपीठिका महाराष्ट्रातच आढळते. ती धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) यांच्या कार्यात आहे.

केंब्रिज येथील अभ्यासातून सिद्ध झालेला, भारताच्या औद्योगिक विकासावरील गाडगीळांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली; तिचे ते पहिले संचालक, आणि १९६६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. संस्थेची रीत अशी की, सिद्धान्त मांडण्यापूर्वी घरोघर व शेतोशेत जाऊन माहिती गोळा करावी. पुण्यातील फळांचा व्यापार, वाई तालुक्यातील शेतीचा व्यवहार, पुणे व सोलापूर या शहरांचे सामाजिक-आर्थिक जीवन, असे विषय या पाहण्यांत आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय गोदावरी व प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ हा होता. ब्रिटिश अमदानीत कालव्याची किंमत एका कसोटीवर ठरे : पाणीपट्टीतून भांडवलावरील व्याज निघते की नाही. दख्खनचे कालवे या कसोटीस उतरत नसत; म्हणून दुष्काळनिवारणार्थ बांधलेली 'संरक्षक' कामे अशा सदरात त्यांची गणना होई, आणि तिजोरीच्या वहीत ती तोट्याचीच दिसत. गाडगीळांनी वहीच बदलली. कालव्यामुळे शेतीचे उत्पन्न, मजुरी, व्यापार व वाहतूक यांत जी वाढ होते तीही कालव्याच्याच खाती जमा धरली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. संस्थेचा हिशेब संस्थेच्या कुंपणाशी संपत नाही, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे अंतर्भूत आहे.

यानंतर मापन करणारा संशोधक स्वतः उद्योगाच्या कारभारात उतरला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाडगीळ हे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. १९६७ साली गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक उणीवही नोंदविली पाहिजे. १९४८ च्या पाहणीच्या शीर्षकात 'लाभ' हा शब्द आहे, 'हानी' हा नाही. नीरेच्या डाव्या कालव्यावर अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्याचा अनुभव तत्पूर्वीच अभियंत्यांच्या पदरी होता. जे तत्त्व जमेच्या बाजूस लावले, ते नावेच्या बाजूसही तितक्याच कसोशीने लावणे हे त्या पद्धतीचे तर्कशुद्ध पुढचे पाऊल होते.

ते पाऊल पुढे अन्य क्षेत्रात पडू लागले. टाटा पोलाद कंपनीने १९७० साली आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार, भागधारक व स्थानिक जनता यांच्याविषयीचे सामाजिक व नैतिक दायित्व नमूद केले, आणि १९७९ साली त्याच्या तपासणीसाठी समिती नेमली. तीत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, रजनी कोठारी व अहमदाबादेतील मराठी घराण्यातले प्रा. पुरुषोत्तम गणेश मावळंकर हे होते. कंपनीने नेमलेली समिती कंपनीस कितपत कठोरपणे तपासू शकेल, ही शंका रास्त आहे. पण प्रश्न मांडला गेला, हे थोडे नव्हे.

सेबीने २०२१ साली भांडवली मूल्याने अग्रभागी असलेल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांसाठी उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नमुना ठरविला. २०२२–२३ पासून तो सक्तीचा झाला. सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसल्याने या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे ज्या महाराष्ट्रात या विचाराचे बीज पडले, तेथील ग्रामीण उद्योगाचा सर्वांत मोठा प्रकारच त्याबाहेर राहतो.

हे काम विद्यापीठांनी अंगावर घेण्यासारखे आहे. मोडनिंबच्या परिसरातील काही गावे निवडून विहिरींची पातळी, जमिनीचा क्षार, पिकांची वाटणी व मजुरीचे दर यांच्या नोंदी दरवर्षी, एकाच पद्धतीने ठेवता येतील. त्यास परकीय नमुन्याची गरज नाही. गाडगीळांची वही घ्यावी, आणि तिच्यात नावेचे पान उघडावे.