ग्राफीनच्या घराण्यात कापूर

ग्राफीनची गोष्ट सांगणारे सगळे मँचेस्टरपासून सुरुवात करतात. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून पापुद्रे सोलले, २००४ साली एका अणूच्या जाडीचा कार्बन जगाला दाखवला, २०१० साली नोबेल घेतलं. झालं. मला या गोष्टीत फारसा रस नाही, कारण चिकटपट्टीने पापुद्रा निघतो, कारखाना निघत नाही. पापुद्र्याचं ठाण कसं झालं, ही खरी कुळकथा, आणि तिच्या मुळाशी मला जी वस्तू सापडली ती अमरावतीच्या अंबादेवीपुढे रोज जळते. कापूर.

२००६ साली ‘केमिकल फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध आला. लेखक प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो. ठिकाण जपानमधलं, नागोयाजवळचं चुबू विद्यापीठ. प्रकाश सोमाणी त्याआधी पुण्यात संशोधन करत होते. निबंधातली कृती साधी आहे. कापूर १८० अंश सेल्सिअसला तापवून त्याची वाफ करायची, आर्गॉन वायूबरोबर ती नळीच्या भट्टीत सोडायची, भट्टी ७०० ते ८५० अंशांवर ठेवायची आणि आत निकेलचा पत्रा ठेवायचा. निकेल तापलं की कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना बाहेर टाकतं. बाहेर आलेला कार्बन पत्र्यावर सपाट थरांनी बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ३५ थर मोजले गेले, दोन थरांतलं अंतर ०.३४ नॅनोमीटर.

पस्तीस थर म्हणजे काही शुद्ध ग्राफीन नव्हे, हे मान्य. पण सोलून काढण्याऐवजी वाफेतून पिकवण्याची जी रीत आज ग्राफीन-फिल्मच्या कारखान्यांत चालते, तिच्या आढाव्यांत पहिलं पाऊल म्हणून याच निबंधाचं नाव येतं.

इथे जाणकार लगेच आडवे येतील. निकेलवर आणि प्लॅटिनमवर ग्राफाइटचा एकच थर बसतो हे १९६० आणि १९७० च्या दशकांतच दिसलं होतं. मॉर्गन आणि सोमोरजाई यांनी १९६८ साली प्लॅटिनमच्या इलेक्ट्रॉन-विवर्तनात काही विचित्र ठिपके टिपले. ते ग्राफाइटच्या एका थराचे आहेत असा अर्थ जॉन मे यांनी १९६९ साली लावला. कॉर्नेलच्या ब्लेकली यांनी निकेलवर तेच काम पुढे बारकाईने केलं. मग सोमाणींचं काय राहिलं? माझ्या मते बरंच राहिलं. त्या जुन्या मंडळींसाठी तो थर धातूच्या पृष्ठभागावरचा डाग होता. अतिनिर्वात पेटीत त्याचा अभ्यास व्हायचा. तो हवाय म्हणून कुणी पिकवत नव्हतं. साध्या भट्टीत, साध्या पदार्थापासून, मुद्दाम पीक घ्यायचं, हा विचार वेगळा आहे. रानात उगवलेलं धान आणि पेरलेलं धान यांत शेतकरी फरक करतो, तोच मी इथे करतो.

आता माझा लाडका प्रश्न: कापूरच का? मिथेन होता, बेंझीन होतं, ॲसिटिलीन होतं.

सोपं उत्तर असं की जपान हा कापराचा मुलूख. ते उत्तर वजनदार आहे, म्हणून त्याला जागा देतो. १८७० साली अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवलं आणि जगाला एकाएकी डोंगराएवढा कापूर लागू लागला. कापराची झाडं तैवानात, आणि पुढे तैवान जपानच्या ताब्यात. जपानने १८९९ साली तिथे कापराची मक्तेदारी लावली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर दाखवला, त्या काळच्या सेल्युलॉइडच्या फितींत कापूर असायचाच. पुढे आमच्या जत्रांतल्या तंबूत ज्या जुन्या फिती पेट घ्यायच्या त्याही याच जातीच्या. म्हणजे प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याचा कापराचा हा काही पहिला प्रवास नव्हता. नागोया परिसरातल्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताशी कापूर असणं अगदी स्वाभाविक होतं, असं या पक्षाचं म्हणणं.

मला ते पटत नाही. माझा पक्ष पवईचा आहे.

१९९४ साली, म्हणजे सोमाणींच्या बारा वर्षं आधी, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ मध्ये एक निबंध आला. त्यात म्हटलं होतं की कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचे चेंडू, मिळतात आणि कापूर हा त्यांचा नैसर्गिक स्रोत आहे. लेखक मुखोपाध्याय, कृष्णा आणि महेश्वर शरॉन. संस्था पवईतली, मुंबईची आयआयटी. कापूर जाळायचा, काजळी गोळा करायची, तिच्यातून हवं ते वेगळं काढायचं. पुढची कडी १९९७ ची. कापराच्या कार्बनपासून सौरघट, या विषयावरच्या निबंधावर कृष्णा, मुखोपाध्याय आणि शरॉन यांच्या जोडीला उमेनो हे जपानी नावही आहे. तेच उमेनो, जे नऊ वर्षांनी सोमाणींच्या निबंधावर आहेत. शरॉन यांच्या, कापरापासून केलेल्या कार्बनच्या मण्यांवरच्या १९९८ च्या निबंधात तर कार्बनच्या नॅनोनलिकांसाठी ओळखले जाणारे सुमिओ इजिमाही सहलेखक आहेत. कापूर जपानी झाडात होता खरा, पण कार्बनशास्त्रातला कापूर पवईहून नागोयाला गेला. मधल्या नऊ वर्षांत उमेनोंच्या कपाटात कापराची बरणी कायम होती आणि सौरघटांसाठी आणलेला तो माल निकेलच्या पत्र्यापुढे ठेवायला फक्त कुणीतरी हात पुढे करायचा होता, असं मी बेधडक धरून चालतो. सोमाणींचं तिथलं बरंचसं कामही सौरघटांभोवतीच होतं, हे माझ्या बाजूने.

आणि पवईला तरी कापूर का सुचला? इथे मी आणखी एक पायरी खाली उतरतो. आमच्या वऱ्हाडात ‘काजय’ म्हणतात, बाकी महाराष्ट्र काजळ म्हणतो. एरंडेलाच्या दिव्यावर किंवा कापराच्या ज्योतीवर तांब्याची ताटली उपडी धरायची, काजळी खरवडायची, तुपात खलायची. ज्या देशात घरोघर हे चालतं, तिथल्या माणसाला काजळीत काहीतरी शोधावंसं वाटणं नवलाचं नाही.

ताटली तांब्याची, हे वाचून ग्राफीनवाले ताठ बसतील. कारण २००९ साली टेक्सास विद्यापीठातल्या रूऑफ यांच्या गटाने ‘सायन्स’ मध्ये दाखवलं की तांब्याच्या पातळ पत्र्यावर, सुमारे १००० अंशांना, मिथेनपासून जवळजवळ सगळीकडे एकच थर बसतो. निकेल कार्बन पोटात घेतं, त्यामुळे थंड होताना किती ओकेल याचा नेम नाही. तांबं जवळजवळ घेतच नाही. पृष्ठभाग एकदा झाकला गेला की वाढ आपोआप थांबते. मग आजीच्या ताटलीवरही ग्राफीन बसत होतं काय?

मोह होतो, पण नाही. ज्योतीत काजळीचे कण ताटलीला लागण्याआधीच, हवेतच तयार होतात. थंड ताटली त्यांना फक्त धरते. त्या कणांत ग्राफाइटचे तुटक, वाकडे थर असतात, सपाट चादर नसते. भट्टीत हवा नसते, पत्रा लालभडक असतो आणि रेणू तोडण्याचं काम धातूच करतो. काजळ ही ग्राफीनची आई नाही, फार तर आत्या. पवईच्या १९९४ च्या कामाची मात्र ती थेट आई आहे, यावर मी ठाम आहे.

कारखान्याचा पुढला भाग भराभर झाला. २०१० साली कोरियाच्या सुंगक्युनक्वान विद्यापीठाने आणि सॅमसंगच्या मंडळींनी तांब्यावर पिकवलेलं ग्राफीन रुळांमधून फिरवत प्लास्टिकवर उतरवलं; कर्ण ३० इंच. घराण्याचा मूळपुरुष मात्र वाटेतच गळाला. कापराच्या रेणूत कार्बनचे १० अणू, वजनाने जवळपास ७९ टक्के कार्बन. ऐकायला किती छान. पण तो घन पदार्थ, त्याची वाफ दर मिनिटाला नेमकी किती गेली हे धरून ठेवणं अवघड, आणि एकेका रेणूतून दहा-दहा कार्बन सुटल्यावर थर एकावर थांबवणं आणखी अवघड. मिथेनच्या रेणूत कार्बन एकच, वर नळाला मापक लावला की काम झालं. चुबूतच गोलाप कलिता आणि उमेनो यांनी २०१० मध्ये कापरापासून थोड्याच थरांची पारदर्शक विद्युतअग्रे करून दाखवली, पण बाजार मिथेनकडे गेला होता. कापूर हरला तो रसायनात नव्हे, मोजमापात.

टनावारी जे ग्राफीन आज विकलं जातं ते बहुतेक फिल्मचं नाहीच, भुकटीचं आहे: ग्राफाइट फोडून केलेलं, रंगात, रबरात, काँक्रीटमध्ये मिसळायचं. त्या शाखेचा पूर्वज १८५९ सालचा ब्रॉडी आणि त्याचं ग्राफाइट ऑक्साइड. आपल्याकडे टाटा स्टील आणि केरळातलं ग्राफीन केंद्र या रस्त्याने चाललेत. आमच्या रस्त्याची खूण वेगळी आहे. शरॉन यांच्या गटाने २००७ साली तेलबिया आणि तंतुमय वनस्पतींपासून कार्बन बनवून त्यात हायड्रोजन साठवण्याचे प्रयोग छापले. तेलबिया आणि तंतू! अकोल्याच्या बाजार समितीत याहून वेगळं काय येतं? २०२० साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांनी कोळशाला आणि खरकट्या अन्नाला विजेचा झटका देऊन सेकंदाच्या आत सुमारे ३००० केल्विनपर्यंत नेलं आणि ग्राफीनची भुकटी काढली. वऱ्हाडात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी अजूनही बांधावर पेटवली जाते. तिचा आधी कोळसा केला तर तिला हा झटका का देऊ नये, हे मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

म्हणून अमरावती विद्यापीठ, अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या विज्ञान महाविद्यालयांना एक विनंती. नळीची भट्टी, आर्गॉनचं सिलिंडर आणि निकेलचा पत्रा जिथे असेल तिथे एमएस्सीच्या मुलांना २००६ चा कापराचा प्रयोग जसाच्या तसा करायला द्या, आणि पुढच्या वर्षी पऱ्हाटीच्या कोळशाचा. नमुना रामन वर्णपटासाठी पाठवा. सुमारे १३५०, १५८० आणि २७०० प्रति सेंटीमीटर या तीन ठिकाणची शिखरं बघितली की काय पिकलं ते कळतं. १३५० चं शिखर उंच आलं, म्हणजे थरांत दोष निघाले, तरी तो आलेख छापा.