‘का?’ विचारायला बंदी होती तेव्हा

आजच्या गप्पांमध्ये आपण पन्नास वर्षं मागे जाणार आहोत. विषय आहे आणीबाणी. हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यासोबत जयप्रकाशजी, वाजपेयी, अडवाणी, जॉर्ज फर्नांडिस अशी नावंही येतात. पण त्या एकवीस महिन्यांत बायकांनी काय सोसलं आणि काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. म्हणून आज आम्ही ते सांगायचं ठरवलं आहे.

सुरुवात १९७२ पासून करू. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. रेशनच्या दुकानापुढे रांगा लागत. गोडंतेल मिळेना, रॉकेल मिळेना, जे मिळे ते परवडेना. तेव्हा मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरुद्ध समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या, जनसंघाच्या जयवंतीबेन मेहताही होत्या. यांचे लाटणे मोर्चे गाजले. हातात लाटणं, हातात थाळी, आणि मंत्र्यांना सरळ प्रश्न: भाव का वाढले? गोदामातला माल दुकानात का येत नाही? जी कधी सभेला गेली नव्हती ती बाईही घरातलं लाटणं घेऊन बाहेर पडली. तिच्या ‘का?’ला सरकारला काहीतरी उत्तर द्यावंच लागत होतं.

हा प्रश्न विचारण्याचा हक्कच १९७५ साली काढून घेतला गेला. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. विरोधक राजीनामा मागू लागले. २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची प्रचंड सभा झाली आणि त्याच रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या हुकमावर सही केली. रातोरात पुढाऱ्यांना अटक झाली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. सकाळी खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला ही बातमी सांगितली. तेव्हा रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी, आणि आकाशवाणी सरकारची. त्यामुळे खरी बातमी हवी असणारे लोक दारं लावून, आवाज बारीक करून बीबीसी ऐकत.

माणसं धरली जात ती मुख्यतः ‘मिसा’खाली. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा. आणीबाणीत त्यात अशी दुरुस्ती केली की माणसाला अटक का केली, हे त्याला सांगण्याचीही गरज उरली नाही. मैत्रिणींनो, याचा घरात काय अर्थ होतो, याचा जरा विचार करा. मध्यरात्री पोलीस येतात, नवऱ्याला किंवा मुलाला घेऊन जातात. बाई विचारते, ‘का?’ उत्तर नाही. ‘किती दिवस?’ तेही ठाऊक नाही. कमावता माणूस आत, आणि शेजारीपाजारी घरी यायला घाबरतात. पुढे शहा आयोगाने मोजदाद केली, तेव्हा मिसाखाली आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून सुमारे १ लाख १० हजार लोक पकडले गेल्याचं दिसलं.

निदान कोर्टात तरी विचारता येईल, असं वाटत होतं. काही उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू ऐकून घेतलीही. पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आणीबाणी असताना आपल्या अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकच, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, विरोधात गेले. पुढे सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची असताना त्यांना डावलण्यात आलं.

लाटणे मोर्चातल्या बायकाही तुरुंगात गेल्या. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. अहिल्याताईंनाही अटक झाली. प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात होत्या आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात. दीड वर्ष नवरा-बायकोचा संसार पत्रांतूनच चालला. त्याच बंगळुरूच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. त्यांना दम्याचा आजार होता. तुरुंगात तो बळावला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

बाहेर असलेल्यांनीही तोंड उघडलं. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. तिकडे जयप्रकाशजी आजारी होऊन मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा निषेध केला. पुढे त्यांनाही अटक झाली. मुंबईत मिनू मसानींनी आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने कापला म्हणून उच्च न्यायालय गाठलं, आणि ते जिंकले.

आता एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. ‘तेव्हा गाड्या वेळेवर यायच्या, कचेरीत माणूस जागेवर सापडायचा,’ असं सांगणारी जुनी माणसं आजही भेटतात. ती खोटं बोलत नाहीत. पण ज्या धाकाने कारकून वेळेवर आला, त्याच धाकाने नसबंदीचे आकडेही भरले गेले. वर प्रश्न विचारता येत नव्हता, म्हणून खाली जबरदस्ती थांबवायला कुणी नव्हतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. शिक्षकाला, तलाठ्याला कोटा ठरवून दिलेला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही.

याची किंमत अजूनही आपणच भरतो आहोत. त्या जबरदस्तीनंतर पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायची कुणाची छाती होईना, आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली दिसली. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा शंभरात एकही भरत नाही.

शेवटी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली. तुरुंगातली माणसं सुटू लागली. विरोधकांकडे पैसा नव्हता, तयारीला जेमतेम दोन महिने होते. सभांमध्ये पदर पसरून, डबे फिरवून वर्गणी गोळा केली गेली. मार्चमध्ये मतदान झालं. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. खुद्द इंदिराजी रायबरेलीत पडल्या. मुंबईतून मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेवर निवडून गेल्या. गोरेगावकरांच्या पाण्यासाठी भांडून मृणालताई ‘पाणीवाली बाई’ झाल्या होत्या. पाणीवाली बाई दिल्लीला गेली, अशी घोषणा तेव्हा घरोघर झाली. २१ मार्चला आणीबाणी उठली.

नव्या सरकारने १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती करून घेतली. ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्याच कारणावरून आता आणीबाणी लावता येत नाही. सशस्त्र उठाव, युद्ध किंवा परकीय आक्रमण, यांपैकी काहीतरी असावं लागतं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी लागतो. जगण्याचा हक्क तर आणीबाणीतही काढून घेता येत नाही. आणि १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये चुकीचा ठरवून रद्द केला.

पण मैत्रिणींनो, कायद्याने कुलूप लावलं तरी किल्ली कुणाच्या हातात राहते, हे आपल्यालाच बघावं लागतं. लाटणं घेऊन निघालेल्या त्या बायका वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या. त्यांचे झेंडे जुळत नव्हते, पण ‘का?’ विचारण्यावर त्यांचं एकमत होतं. रेशन कमी का आलं, ग्रामसभेचा ठराव का बदलला, अमक्याला पोलिसांनी का नेलं, हे प्रश्न आपल्या पक्षाचं सरकार असतानाही विचारता आले पाहिजेत. दुसऱ्या पक्षाच्या माणसासाठीही विचारता आले पाहिजेत.

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या, वाड्यातल्या सत्तरीपुढच्या आजींना विचारा: आणीबाणीत तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत, कशाची भीती वाटायची? त्या जे सांगतील ते लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या गप्पांत ते आपण सगळ्या मिळून ऐकू.