गुहेतून तळहातावर

उदगीरच्या किल्ल्याचा विषय निघाला की ३ फेब्रुवारी १७६० ही तारीख येतेच. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं आणि वर्ष उलटायच्या आत तेच भाऊ पानिपतावर पडले. शाळेच्या पुस्तकात उदगीर येतं ते एवढ्यापुरतंच. पण त्याच किल्ल्यात, जमिनीच्या पातळीपासून बरीच खाली, उदागीर महाराजांची समाधी आहे. करबसवेश्वर ग्रंथातली कथा तर आणखी मागं जाते. उद्दालक ऋषींनी इथं शिवाची आराधना केली, शिव प्रसन्न झाला आणि जमिनीतून हळूहळू लिंग वर आलं. कथा ती कथाच, तिला पुरावा मानायचं कारण नाही. मात्र लोकांनी आपल्या गावाचा मूळपुरुष म्हणून राजा किंवा सरदार निवडला नाही, एका जागी बसून राहिलेला माणूस निवडला, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मराठवाड्यात अशा बसून राहणाऱ्यांची सोय दगडात कोरलेली सापडते. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात तीन भिंतींना चार-चार अशा बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे. बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एका ठिकाणी राहायचं, असा नियम होता. चित्रं पाहायला आलेली गर्दी या रिकाम्या खोल्यांसमोरून भराभर पुढे सरकते. खरं तर लेणं खोदलं गेलं ते या खोल्यांसाठी. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्यावर लक्ष ठेवायचं, ही आनापानाची रीत बुद्धाच्या उपदेशातलीच. पण ती दिवसभर करायची तर घर सोडावं लागे आणि जेवणासाठी भिक्षापात्र धरावं लागे.

कुणब्यानं, चांभारानं, धोब्यानं काय करायचं?

या प्रश्नाचं ठसठशीत उत्तर उदगीरपासून शंभर किलोमीटरच्या आत, कल्याण नगरीत मिळालं. आजचं हे बसवकल्याण. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारात बसवण्णा मंत्री होते. त्यांच्या अनुभव मंटपात, म्हणजे चर्चासभेत, अल्लमप्रभू अध्यक्षपदी बसत आणि समोर नावाडी चौडय्या, धोबी माचिदेव असे कष्टकरी शरण, म्हणजे शिवभक्त, असत. शरणांनी देवळाची वाट सोडली आणि देव गळ्यात बांधला. इष्टलिंग हा लिंगायतांच्या घराघरातला शब्द. उदगीर, अहमदपूर, निलंगा या पट्ट्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पूजेची रीत जवळून पाहिली तर ध्यानाचे सगळे प्राथमिक धडे तिच्यात दिसतात. आंघोळ झाली, कपाळी भस्म लावलं, की आसनावर ताठ बसायचं. गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि हात नजरेच्या रेषेत येईल इतका उचलायचा. लिंगावर काळा, गुळगुळीत मुलामा असतो. समोरच्या दिव्याचा एक ठिपका त्याच्यावर चमकतो, नजर त्या ठिपक्यावर ठेवायची आणि मनात ‘ॐ नमः शिवाय’ चालू द्यायचं. मन बाजारात गेलं, शेतातल्या मोटेवर गेलं की हातही कळत-नकळत खाली येतो. मग हात पुन्हा वर, नजर पुन्हा ठिपक्यावर. ठरलेला वेळ झाला की लिंग गळ्यात आणि माणूस कामावर.

कामाला तर शरणांनी पूजेच्याही पुढे नेऊन बसवलं. दोर वळणाऱ्या नुलिय चंदय्यांची गोष्ट सांगतात. गवत कापताना त्यांचं इष्टलिंग गळून पडलं आणि ते उचलायलाही हा गडी थांबेना. लिंगच मागे लागलं, मला घे म्हणून. शेवटी माचिदेवांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे समेट झाला, तोही लिंगानं चंदय्यांच्या दोरांच्या कामात हातभार लावायचा या अटीवर. हातातल्या कामावरून लक्ष हलू न देणं म्हणजे काय, हे या गोष्टीइतकं गमतीनं क्वचितच कुणी सांगितलं असेल.

कल्याणमधल्या शरणांच्या या चळवळीनंतर सव्वाशे वर्षांच्या आत, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायातला ध्यानयोग मराठीत आणला. बसायची जागा कशी असावी याचं वर्णन त्यांनी इतकं रसाळ केलंय की राजालाही राज्य सोडून तिथंच बसावंसं वाटावं. पुढं कपिलधारच्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत लिहून वीरशैव विचार इथल्या बोलीजवळ आणला. त्याची पारायणं आणि शिवनाम सप्ताह लातूर-नांदेडच्या गावांत आजही होतात. हरिनाम सप्ताहात तर वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. पहारे लागतात, रात्री दोन वाजताही कुणीतरी वीणा घेऊन उभा असतो. याला कोणी ध्यान म्हणत नाही. म्हणायला हरकत नाही, असं या लेखकाचं मत.

श्वासाची जुनी रीत मात्र इकडे परतली ती ब्रह्मदेशातून. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका यांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. ऊ बा खिन संन्यासी नव्हते, सरकारी महालेखापाल होते. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरं भरू लागली. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास, आणि शुल्क शून्य. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एक मनुका हातात घेऊन, न्याहाळून, सावकाश चावून खायला लावतात. पोथीही नाही, देवही नाही. आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे मोबाइलवर विकलं जातं, त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे.

या सगळ्या रीतींना एकाच माळेत ओवणं मात्र बरोबर नाही. इष्टलिंगापुढं बसलेली आजी ताण घालवायला बसलेली नसते, ती शिवापुढं बसलेली असते. विपश्यनेत मंत्र वर्ज्य, इथं मंत्रावाचून चालत नाही. तरी नवख्याला लागणारी शिदोरी सगळीकडे सारखीच आहे: ठरलेली वेळ, ताठ पण न आखडलेली पाठ, लक्ष ठेवायला एकच वस्तू, आणि मन पळालं तर चिडचिड न करता त्याला परत आणणं. मन पळणं हा नापास झाल्याचा शेरा नव्हे, परत आणणं हाच अभ्यास. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. ज्यांना मनाच्या गंभीर आजारावर औषध चालू आहे, त्यांनी लांबलचक शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

शरणांची वचनं कन्नडमध्ये छापून निघाली, विपश्यनेची पुस्तकं मराठीत मिळतात. पण उदगीरच्या एखाद्या घरात आजी लिंगपूजेला कधी बसते, कुणाकडून शिकली, कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ कशी काढायची, हे तिलाच विचारायला हवं. उदगीरच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी या दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसावं आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं.