विद्यापीठाच्या सूचनाफलकावरच्या आपल्या तारखा

नोव्हेंबर उजाडला की विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या सूचनाफलकांवर आपले कागद चिकटू लागतात. ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, ३ जानेवारी सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारी नामविस्तार दिन, १७ जानेवारी रोहित वेमुलाचा स्मृतिदिन, मग ११ आणि १४ एप्रिल. कागद लागला की लगेच टोमणाही येतो, "विद्यापीठ शिकण्यासाठी असते, जयंत्या करण्यासाठी नाही."

हा टोमणा सत्यनारायणाच्या पूजेला किंवा सरस्वतीपूजनाला ऐकू येत नाही. ते 'आपल्या संस्कृतीचे' म्हणून खपते आणि आंबेडकर जयंती मात्र 'राजकारण' ठरते. म्हणून सूचनाफलकावरची एकेक तारीख तिथे कशी आली, हे आपल्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे. ज्याला हा इतिहास माहीत नाही, त्याला टोमण्याचे उत्तर देता येणार नाही आणि स्वतःचा कार्यक्रम कसा करावा हेही कळणार नाही.

सुरुवात बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेपासून करू. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची उत्पत्ती, रचना आणि प्रसार यांवर निबंध वाचला. दिखावा सोडला तर तो विद्यापीठाचा एक छोटासा कार्यक्रमच होता. पण तो तिथेच संपला नाही. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला आणि शंभरहून अधिक वर्षांनंतरही जातीचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळता येत नाही. विद्यापीठात शिकावे की कार्यक्रम करावेत, हा प्रश्नच खोटा आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी कार्यक्रम केला आणि अभ्यासही केला.

आता एक रद्द झालेला कार्यक्रम पाहा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी वाचायला मिळाल्यावर मंडळाचे धाबे दणाणले. हिंदू धर्मशास्त्रांवरचा घाव त्यांना सोसवेना. मजकूर बदला, असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी मग ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. सभागृह नाकारणाऱ्यांची नावे आज कुणाच्या लक्षात नाहीत. 'जातिनिर्मूलन' मात्र जगभर वाचले जाते. सभागृहाची परवानगी मिळाली नाही म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी संघटनेने हे प्रकरण पाठ करून ठेवावे.

दुसऱ्यांच्या सभागृहावर किती दिवस विसंबायचे? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात गावकुसाबाहेरच्या मुलासाठी नागसेनवनाचा परिसर म्हणजे पहिल्यांदा मिळालेली स्वतःची जागा होती.

या स्वतःच्या जागेत काय घडले? मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या निमित्ताने ते जनसागरापुढे झाले. महाविद्यालयाच्या रंगमंचावरचे नाटक समाजाच्या सर्वात मोठ्या सोहळ्यापर्यंत पोहोचले. पुढे १९६७ मध्ये म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या मिलिंदच्या प्राध्यापकांच्या पुढाकारातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, तेच लवकरच 'अस्मितादर्श' झाले. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना पहिली पाने तिथे मिळाली. याला आम्ही कार्यक्रम म्हणतो. मंडप उतरल्यावरही तो चालू राहतो.

याच शहरातली सर्वात महाग तारीख म्हणजे १४ जानेवारी. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, हा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले ते आपल्या आधीच्या पिढीने अंगावर झेलले आहे. गावोगावी वस्त्या पेटवल्या, विहिरी बंद केल्या, बहिष्कार टाकले. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. एका विद्यापीठाच्या पाटीवर एक नाव लागू नये म्हणून, ज्यांनी त्या विद्यापीठाचे दारही कधी पाहिले नव्हते अशा शेतमजुरांची घरे जाळली गेली. विद्यापीठाच्या पाटीचा आणि गावातल्या जमीन-मजुरीच्या सत्तेचा संबंध काय, हे जाळणाऱ्यांना नीट कळले होते. दलिताचे पोर शिकून परतले तर उद्या वेठीला कोण येणार?

सरकारने अंमलबजावणी लांबवली. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, लाठ्या बसल्या, तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव आले. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षे लागली. तेही नामांतर नव्हते, नामविस्तार होता. जुने नाव ठेवून नवे पुढे जोडण्याची तडजोड होती. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ स्थापन करून मराठवाड्याचे जिल्हे दोन विद्यापीठांत वाटले गेले. आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी हजारो लोक जमतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा तिथे 'जत्रा' दिसणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की ही कमान बघायला आलेली माणसे तिची किंमत भरून आली आहेत.

हे सगळे जुने झाले, आता तसे काही नाही, असे कुणी म्हणेल. मग अलीकडचे घ्या. आयआयटी मद्रासमध्ये आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता मे २०१५ मध्ये काढून घेतली गेली. सरकारी धोरणांवर टीका करणारी पत्रके, चर्चा, हाच त्यांचा गुन्हा. देशभरातून विरोध झाला तेव्हा जूनमध्ये मान्यता परत द्यावी लागली. त्याच वर्षी हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनने, दिल्लीत उधळून लावलेल्या एका माहितीपटाच्या खेळाचा निषेध केला. तिथून वाद वाढत गेला आणि शेवटी पाच दलित संशोधक विद्यार्थी वसतिगृहाबाहेर काढले गेले. त्यांनी उघड्यावर पाल ठोकले आणि त्याला नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे तेलुगू गावातला गावकुसाबाहेरचा वाडा. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यातला रोहित वेमुला गेला. ही तारीख कुठल्याही सरकारी परिपत्रकाने दिलेली नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः ती फलकावर लिहिली.

सरकारने दिलेल्या तारखांचे स्वागतच आहे. २०१५ पासून केंद्राने संविधान दिन सुरू केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये विद्यार्थी दिवस जाहीर केला. पण परिपत्रकाने आलेला दिवस परिपत्रकापुरताच उरण्याचा धोका असतो. प्रास्ताविकेचे सामुदायिक वाचन, प्रतिमेला हार, फोटो आणि अहवाल रवाना. त्याच महाविद्यालयात शिष्यवृत्ती अडकल्यामुळे परीक्षेचा अर्ज भरू न शकणारी मुलगी त्या फोटोत मागच्या रांगेत उभी असते. तिचा प्रश्न त्या दिवशी विषयपत्रिकेवर का नसतो?

आणि मित्रहो, बोट नुसते प्रशासनाकडे दाखवून भागणार नाही. आपल्या कार्यक्रमांकडेही बघू. डीजेच्या भिंती, पुढाऱ्यांचे फ्लेक्स, तीन तास सत्कार आणि दहा मिनिटे भाषण, मंचावर सगळे पुरुष. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून १९८९ मध्येच विचारलेला प्रश्न अजून आपल्या निमंत्रणपत्रिकांवर उत्तर शोधतो आहे. मुलींच्या वसतिगृहाचे दार बंद झाल्यावर सुरू होणारा कार्यक्रम कोणासाठी असतो?

म्हणून या वर्षीचे कागद फलकावर लावण्याआधी आम्ही एकच कसोटी सुचवतो. कार्यक्रम संपल्यावर मागे काय उरणार? १९१६ च्या चर्चासत्रातून निबंध उरला, १९३६ च्या रद्द परिषदेतून पुस्तक उरले, नागसेनवनातून नाटक आणि नियतकालिक उरले, नामांतराच्या लढ्यातून कमानीवरचे नाव उरले. आपल्या ६ डिसेंबरनंतर चार विद्यार्थ्यांनी लिहिलेली एक पुस्तिका तरी उरावी. २६ नोव्हेंबरला शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या तक्रारींचे लेखी निवेदन तयार व्हावे आणि त्याची पोच हातात असावी. १४ जानेवारीला नामांतर लढ्यातल्या एखाद्या आजी-आजोबांची साक्ष नोंदवली जावी, कारण ती माणसे आता थकली आहेत. खर्च वर्गणीतून व्हावा, म्हणजे मंचावर कोणाला बसवायचे ते देणगीदार ठरवणार नाही.

तारखा आपल्याला कोणी भेट दिलेल्या नाहीत. ज्यांनी त्या मिळवल्या त्यांच्यातले अनेक जण विद्यापीठाची पायरीही चढले नव्हते. आपण चढलो आहोत. तेवढी जबाबदारी अधिक.

जय भीम!